वेद ऐकले, वळ राहिला

पैठणच्या रेड्याची कथा कीर्तनात रंगते ती एकाच ठिकाणी. माउलींनी रेड्याच्या मस्तकावर हात ठेवला, त्याच्या मुखातून वेद निघाले, की टाळकरी उठतात, गजर होतो. त्या चमत्काराबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याआधीचा प्रसंग दोन वाक्यांत उरकण्याबद्दल.

रस्त्याने पखालीचा रेडा चालला होता. त्याचेही नाव ज्ञाना. तुझा आणि याचा आत्मा एकच काय, असे ब्रह्मवृंदाने विचारले. माउली होय म्हणाले. मग रेड्यावर आसूड ओढला गेला आणि वळ उमटले ते माउलींच्या पाठीवर. खरे तर उत्तर इथेच मिळाले होते. अद्वैत याहून स्पष्ट कोणत्या भाष्यात सांगितले आहे? पण त्या मंडळींना वळ पुरला नाही. रेडा बोलून दाखवू दे, म्हणाले. आणि महाराज, रागावू नका, आपणही त्याच्या बोलण्यालाच टाळ्या देतो, तेव्हा पुरावा मागणाऱ्यांच्या पंगतीत बसलेले असतो. वेद म्हणणारा रेडा एकच झाला. मार बसल्यावर कळवळणारे सगळेच. बोलता येणे ही दयेची अट असती तर नामदेवराय पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तूप घेऊन धावले नसते, आणि नाथमहाराजांनी रामेश्वराची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी ओतली नसती.

वळ दिसूनही पुरत नाही, हे आजच्या कायद्यातही आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने जनावराची वेदना मान्य केली. पण मारझोड केली, पेलवेना इतके ओझे लादले, तर त्यातल्या ११ व्या कलमाप्रमाणे पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. एका नारळाचे मोल! शिवाय कायदा ‘अनावश्यक’ वेदनेबद्दल बोलतो. आवश्यक किती, ते बहुधा आसूड धरणाराच ठरवतो. २०१४ साली जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्राण्याच्या जगण्यालाही घटनेच्या २१ व्या कलमाचा आधार दिला. २०२३ साली पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्रासह तीन राज्यांनी शर्यतींसाठी केलेले बदल वैध ठरवले. प्राण्यांना मूलभूत हक्क मानायला पूर्वीचा दाखला नाही, असेही म्हटले. हक्काचा धनी कोण, यावर कायदेपंडित वाद घालोत. दुखते कोणाला, हा प्रश्न मात्र पैठणलाच सुटला आहे.

म्हणून कीर्तनकारांना विनंती, कथा वळापाशी थांबवा. समोर बैल राखणारे शेतकरी बसलेले असतात, दिंडीची जनावरे हाकणारेही असतात. आषाढीच्या वाटेवर दिवे घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. आपण नामाच्या नादात घाट चढतो. त्यांच्या खुरांखाली डांबर असते आणि मानेवर जू. जुन्नर तालुक्यात आळे गावी त्या रेड्याची समाधी आहे. तिथे नारळ ठेवणारा हात आणि घरी बैलाला पराणी टोचणारा हात कधी कधी एकच असतो. वेदांची गोष्ट ऐकून तो हात आखडत नाही. वळाची नीट ऐकवली तर आखडेल असे वाटते. रेडा बोलायच्या आधी घटकाभर मंडप गप्प राहू द्या. टाळ नंतर वाजवता येतील.