पेळू ताणायचा की जोडायचा?

फँटसी म्हटलं की आपली पोरं उखडतात. म्हणतात, ही पोट भरलेल्यांची थेरं. राग खरा आहे. पुराणं ही पण फँटसीच, आणि तिच्यात राक्षस कुणाला केलं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. पण म्हणून कल्पनेचा सगळा मुलूख त्यांना सोडून द्यायचा? सातबारा काय त्यांच्या बापाच्या नावावर आहे?

म्हणून मी उर्सुला ले ग्विन या अमेरिकन बाईंबद्दल लिहितोय. १९६४ साली 'फँटॅस्टिक' मासिकात त्यांच्या दोन छोट्या कथा आल्या. 'द वर्ड ऑफ अनबाइंडिंग' आणि 'द रूल ऑफ नेम्स'. त्याच बेटांच्या जगातून १९६८ साली 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही कादंबरी झाली. माझा सवाल एवढाच : चार पानांची कादंबरी होते तेव्हा नक्की काय वाढतं?

'द रूल ऑफ नेम्स' बघा. एका बेटावर एक गबाळा जादूगार राहतो. लोक त्याला हसतात. तिथला नियम असा की खरं नाव कुणाला सांगायचं नाही, कारण नाव हाती आलं की माणूस हाती आला. एक परका जादूगार येतो. त्याला या गबाळ्याचं खरं नाव ठाऊक असतं, येव्हॉड. ते नाव घेऊन तो त्याला खऱ्या रूपात यायला भाग पाडतो. आणि खरं रूप निघतं ड्रॅगनचं! फटाका वाजला, कथा संपली.

असा फटाका दोनशे पानं वाजत नाही. आपल्यातले कैक जण तोच वाजवत बसतात. मधे वर्णनं घालतात, भाषणं घालतात. गिरणीत ड्रॉ फ्रेमवर एकटा पेळू ताणला तर पातळ होतो, तुटतो. म्हणून सहा-आठ पेळू एकत्र सोडतात आणि मग ताणतात. लांबी वाढते, जाडी राहते, एकाची खोट दुसरा भरून काढतो.

बाईंनी तेच केलं. नावाच्या नियमाला दुसऱ्या कथेतला मेलेल्यांचा अंधारा मुलूख जोडला. आणि एक पोर जोडलं. गेड : बकऱ्या राखणारा, बिनआईचा, तांबूस-तपकिरी कातडीचा. गर्वापायी तो एक सावली मोकळी सोडतो आणि ती त्याच्या जिवावर उठते. येव्हॉडही येतो, पण आता तो शेवटचा धक्का नाही, वाटेतली एक झुंज आहे.

खरी वाढ नावात आहे. कथेत नाव म्हणजे वैऱ्याच्या हातातला सुरा. कादंबरीत गेड हरलेला, खचलेला असताना त्याचा काळा मित्र व्हेच न मागता आपलं खरं नाव त्याला सांगतो. म्हणजे जीवच हवाली करतो. आणि शेवटी गेड त्या सावलीला स्वतःच्याच नावानं हाक मारतो. नियम तोच, अर्थ वाढला. २००४ साली टीव्हीवाल्यांनी याच गेडला गोरा केला, तेव्हा बाईंनी जाहीर लिहून त्यांना झापलं.

पण मी आरती ओवाळत नाही. जादू शिकवणाऱ्या त्या बेटावर पोरींना प्रवेश नाही आणि बायकांची जादू हलकी, हे बाईंनी मुकाट लिहिलं. शाळेच्या दाराबाहेर उभं राहणं काय असतं ते आपल्याला कळतं. १९९० साली 'तेहानू'त त्या मागं फिरल्या. भाजलेल्या, टाकून दिलेल्या पोरीला मधोमध आणलं. बावीस वर्षं लागली.

हे का सांगतोय? माझी आजीवर एक कथा आहे, चार पानी. मित्र म्हणतात, कादंबरी कर. बसलो आणि ध्यानात आलं, कथाभर ती नुसती 'म्हातारी' आहे. चार पानांत खपलं, दोनशे पानांत खपणार नाही. नाव बघायला रेशनकार्ड काढावं लागलं. गावानं तिला नावानं कधी हाक मारली नाही, जातीनं मारली. आणि मी लिहिताना वेगळं काय केलं?

तेव्हा मित्रांनो, कथा वाढवायला बसाल तर पानं मोजू नका. वस्तीचं लिहा नाहीतर ड्रॅगनचं लिहा. पण आधी बघा, कथेत कोण बिननावाचं राहिलंय. पहिला पेळू तिथनं जोडा.

जय भीम.