समुद्र सगळ्यांचा, पार्किंग गावाचं

अमेरिकेतल्या कनेटिकट राज्याला २५३ मैलांचा किनारा आहे. १९६०-७०च्या दशकांत त्यातला जेमतेम सात मैल किनारा सर्वसामान्य लोकांना खुला होता. अँड्र्यू कार्ल या इतिहासकाराचं ‘फ्री द बीचेस’ (येल युनिव्हर्सिटी प्रेस, २०१८) हे पुस्तक या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत घडतं. उरलेला किनारा कोणी आणि कसा बंद केला, तो उघडावा म्हणून नेड कोल नावाच्या माणसानं काय काय केलं, आणि त्याच्या हाती नेमकं काय लागलं, अशी ही तीन पदरी गोष्ट आहे.

पुस्तक माझ्या हाती आलं ते कामाच्या निमित्तानं हार्टफर्डजवळ राहत असताना. हार्टफर्ड ही कनेटिकटची राजधानी आणि विमा कंपन्यांचं शहर. त्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं सांभाळणाऱ्यांत आपली मराठी मंडळी भरपूर. आम्ही सगळे राहायचो आजूबाजूच्या नीटनेटक्या उपनगरांत, आणि उन्हाळ्यात सहलीला जायचो हॅमोनॅसेटच्या सरकारी बीचवर. हार्टफर्डच्या नॉर्थ एंडमध्ये, म्हणजे शहराच्या गरीब, बहुतांशी कृष्णवर्णीय भागात, आमच्यापैकी कोणी फिरकायचं नाही. कार्लचं पुस्तक नॉर्थ एंडपासून समुद्रापर्यंतच्या त्या तासाभराच्या रस्त्याबद्दल आहे. त्यामुळे ते मला लांबच्या इतिहासासारखं वाचताच आलं नाही.

नेड कोल हा हार्टफर्डचाच, आयरिश कॅथलिक घरातला तरुण. विमा कंपनीत नोकरीला होता. केनेडींच्या हत्येनंतर त्यानं ती सोडली आणि १९६४मध्ये ‘रिव्हायटलायझेशन कोअर’ ही संस्था काढली. शिकवण्या, नोकऱ्या मिळवून देणं, घरमालकांशी भांडणं, अशी तिची कामं. १९७१च्या उन्हाळ्यापासून तो नॉर्थ एंडमधल्या मुलांना आणि त्यांच्या आयांना बसमध्ये घालून किनाऱ्यावरच्या गावांत नेऊ लागला. काही ठिकाणी दारं उघडली, बऱ्याच ठिकाणी पोलीस आले. १९७४मध्ये मॅडिसन गावातल्या एका क्लबच्या बीचवर ही मंडळी जमिनीवरून न जाता बोटीतून, समुद्राच्या बाजूनं उतरली. १९७५मध्ये कोल कनेटिकटचा किनारा पायी चालला. त्याला नाट्याची हौस होती. १९७२मध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभा राहिला तेव्हा टीव्हीवरच्या चर्चेत त्यानं शहरी गरिबीचं प्रतीक म्हणून चक्क रबरी उंदीर हातात धरून दाखवला होता.

बोटीतून उतरण्यामागे मात्र नाट्यापेक्षा कायदा जास्त होता. कनेटिकटमध्ये सरासरी भरतीच्या रेषेखालची वाळू, म्हणजे ढोबळमानानं ओली वाळू, सार्वजनिक आहे. तिथे कोणालाही उभं राहता येतं. प्रश्न एवढाच की तिथवर पोचायचं कसं? कोरडी वाळू कोणाच्या तरी मालकीची. तिच्यामागचा रस्ता गावाचा किंवा खासगी संघाचा. रस्त्यावर गाडी लावायला बंदी. वाहनतळ गावच्या रहिवाशांसाठी राखीव, गाडीवर स्टिकर हवा. हे संघ म्हणजे तर भलतंच प्रकरण. ‘बीच असोसिएशन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मंडळांना राज्यानं रीतसर सनदा दिलेल्या, कर गोळा करण्याचे आणि नियम करण्याचे अधिकार दिलेले. म्हणजे वागायचं खासगी क्लबसारखं आणि हुकूम सोडायचा नगरपालिकेसारखा.

पुस्तकाची खरी ताकद या तपशिलांत आहे. वर्णभेद म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अमेरिकेचं दक्षिण टोक येतं आणि ‘फक्त गोऱ्यांसाठी’ ही पाटी येते. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या किनाऱ्यांवर कार्लनं आधी ‘द लँड वॉज अवर्स’ हे पुस्तक लिहिलं होतं. इथे तो उत्तरेकडच्या उदारमतवादी राज्यात येतो, जिथे पाटीवर गोरा-काळा हा शब्दच नाही. तिथे शब्द आहेत ‘रहिवासी’ आणि ‘बिगर-रहिवासी’. मग रहिवासी कोण होणार हे ठरवणारे वेगळे नियम आहेत: घरासाठी प्लॉट किमान किती मोठा हवा, भाड्याच्या इमारती बांधता येतील की नाही. दोन्ही नियम सुटे वाचले तर अगदी सभ्य दिसतात. एकत्र चालवले की नॉर्थ एंडचं मूल बरोबर बाहेर राहतं. आमच्या धंद्यात एखाद्याला सिस्टीमच्या बाहेर ठेवायचं तर ‘तुम्हाला परवानगी नाही’ असा निरोप दाखवावा लागत नाही. परवानगी मागायचं पान त्याला दिसलं नाही की काम भागतं. कनेटिकटच्या गावांनी ही युक्ती पार्किंगच्या पाट्यांवर चालवली. वाहतूक, कचरा, सांडपाणी, पर्यावरण, गावाची स्वायत्तता, अशी एकाहून एक शहाणी कारणं पुढे आली. पर्यावरणाच्या कारणाचा तर कार्ल चांगलाच समाचार घेतो. किनाऱ्याला लागून बंगले बांधणारे आणि ते वाचवायला समुद्रात भिंती घालणारे लोकच वाळूची धूप वाढवत होते, हे तो दाखवून देतो.

सगळं राज्यच असं असतं असंही नाही. टेक्सासनं १९५९मध्येच कायदा करून किनाऱ्यावरचा लोकांचा हक्क मान्य केला होता. तोच कायदा देशभर नेण्याचे प्रयत्न वॉशिंग्टनमध्ये झाले आणि बारगळले. कनेटिकटमध्ये निकाल लागायला २००१ साल उजाडलं, आणि तोही कोलच्या चळवळीतून आला नाही. ग्रेनिच गावातल्या बीचवर पळायला गेलेल्या शेजारच्या शहरातल्या एका कायद्याच्या विद्यार्थ्याला अडवलं गेलं. त्यानं दावा लावला आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला. कशावर? अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर. बीच ही सार्वजनिक जागा, तिथे माणूस आपलं म्हणणं मांडू शकतो, म्हणून बाहेरच्याला अडवता येणार नाही. मला पुस्तकातला हा सगळ्यात बोचरा भाग वाटतो. कायद्यानं माणसाला किनाऱ्यावर आत घेतलं ते बोलणारा म्हणून, पोहणारा म्हणून नाही. गावांनी निकाल मान्य केला आणि बाहेरच्यांच्या प्रवेशाला, पार्किंगला जबर दर लावले. समुद्र खुला झाला, रस्ता महाग झाला.

कोणी म्हणेल, घर, शाळा, नोकरी सोडून बीचसाठी कसली भांडणं? ही शंका कोलच्या काळातही होती. तिचं उत्तर पुस्तकाबाहेरच्या एका आकड्यात सापडतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या माहितीनुसार १० ते १४ वयाची कृष्णवर्णीय मुलं तरणतलावांत बुडून मरण्याचं प्रमाण त्याच वयाच्या गोऱ्या मुलांच्या ७.६ पट आहे. ज्यांच्या आजीआजोबांना पाण्यात उतरू दिलं नाही, त्यांच्या आईबापांना पोहता आलं नाही आणि मुलांना शिकवायला घरात कोणी उरलं नाही. पाण्याची ओळख अशी पिढ्यांनी तुटते. ती तोडणारी गोष्ट पार्किंगच्या पाटीइतकी किरकोळ असू शकते.

इथवर मी पुस्तकाच्या बाजूनं आहे. माझी तक्रार आहे ती त्याच्या नायकाबद्दल. कार्लनं कोलचा देव केलेला नाही. त्याचा अहंकार, प्रसिद्धीची ओढ, संस्था विस्कटत जाणं, सगळं तो लिहितो. पण प्रकरणं कोलच्या मागे चालतात. तो पेटतो तेव्हा पुस्तक पेटतं, तो थकतो तेव्हा पुस्तकावर संध्याकाळ उतरते. नॉर्थ एंडच्या आया आणि मुलं येतात, त्यांच्या आठवणी हलवून सोडतात, पण त्या साक्षीदारांच्या आठवणी आहेत. कुठल्या गावाला जायचं, अपमान झाला तर मुलांना काय सांगायचं, पुढच्या रविवारी परत बसमध्ये चढायचं का, हे निर्णय त्या बायकांनी कसे घेतले असतील? मला ते प्रकरण हवं होतं.

मराठी वाचकाला ही उणीव जास्त जाणवेल, कारण त्याच्याकडे महाड आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३मध्ये झाला. महाडच्या नगरपालिकेनं १९२४मध्ये चवदार तळं खुलं केलं. कागदावर. २० मार्च १९२७ला बाबासाहेब आणि हजारो माणसं तळ्यावर चालत गेली आणि पाणी प्यायली, तेव्हा कुठे तो ठराव जमिनीवर आला. लगेच मारहाण झाली, तळ्याचं शुद्धीकरण झालं, त्याच वर्षी पालिकेनं ठराव मागे घेतला. कोर्टात सवर्णांनी सांगितलं की तळं सार्वजनिक नाही, आमच्या मालकीचं आहे, आणि वहिवाट जुनी आहे. मुंबई हायकोर्टानं हे फेटाळलं ते १९३७मध्ये.

प्यायचं पाणी आणि रविवारची वाळू यांची बरोबरी मी करत नाही. जात आणि वर्ण यांचीही करत नाही. पण ठराव आणि पाणी यांच्यामधला रस्ता दोन्हीकडे सारखाच अडवलेला आहे, आणि ‘हे सार्वजनिक नाहीच’ हा बचावही तोच आहे. फरक चालणाऱ्यांत आहे. महाडला ज्यांना अडवलं होतं तीच माणसं, आपल्या निर्णयानं, आपल्या नेत्यामागून गेली. सत्याग्रह पाण्यापेक्षा बरोबरीसाठी आहे हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यामुळे तळं कोर्टात दहा वर्षं अडकलं तरी चळवळ अडकली नाही. कनेटिकटमध्ये मुलांना नेलं गेलं. नेणारा थकल्यावर बस थांबली. कार्ल हा शेवट दुःखानं सांगतो, पण त्याचं कारण तो गावांच्या कोडगेपणात आणि कोलच्या स्वभावात शोधतो. चळवळीच्या या बांधणीला तो पुरेसं विचारत नाही.

तरीही पुस्तक वाचावंच, आणि मी तर म्हणेन आपल्यासारख्यांनी आधी वाचावं. हार्टफर्डच्या उपनगरांतली मराठी घरं असोत की पुण्याच्या टॉवरांमधली, आपण आता बहुतेक ठिकाणी स्टिकरवाले आहोत. सोसायटीच्या स्विमिंग पूलचे नियम आपणच सभेत मंजूर करतो: फक्त रहिवासी आणि त्यांचे पाहुणे. घरकामाला येणाऱ्या बाईंची मुलं त्यात कुठे बसतात हा विषय सभेच्या पत्रिकेवर येतच नाही. कोणी आणलाच तर देखभाल, सुरक्षितता, स्वच्छता ही कारणं तयार असतात, आणि ती खोटीही नसतात. मॅडिसनच्या गावसभेतले लोकही खोटं बोलत नव्हते. गर्दीनं वाहतूक तुंबतेच. कार्लनं या लोकांना खलनायक केलेलं नाही. ते कर भरणारे, मुलांवर प्रेम करणारे, रोजच्या जगण्यात सज्जन लोक आहेत. कोलबद्दलची प्रकरणं कोणी चाळून सोडली तरी चालेल. नियम कसे लिहिले गेले त्याबद्दलची प्रकरणं मात्र सावकाश वाचावीत, कारण तसे नियम लिहिणारी सभा आपल्याही इमारतीत दरवर्षी भरते.