आगंतुक गुणांचं काय करायचं? : स्पर्धेच्या दिवसांत दासबोध

आमच्या पिढीला रामदास दोनच ठिकाणी भेटतात. एक, शाळेतल्या ‘मनाचे श्लोक’ पाठांतर स्पर्धेत. दोन, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या ‘मूर्खांची लक्षणं’ या यादीत. पहिल्या ठिकाणी ते पाठ करायचे असतात, दुसऱ्या ठिकाणी एखाद्या मित्राला टोमणा मारायला वापरायचे असतात. दोन्हीकडे पुस्तक उघडावं लागत नाही. दासबोध म्हणजे वीस दशक, दोनशे समास आणि ७७५१ ओव्या. एवढा ऐवज घरातल्या देव्हाऱ्याशेजारी कापडात बांधलेला असतो आणि त्याला बहुतेक वेळा फक्त नमस्कार होतो.

मी तो फोनवर, लोकलमध्ये आणि रात्री जेवणानंतर, तुकड्या-तुकड्यांनी वाचला. भक्तीसाठी वाचला असं म्हणणार नाही. तरुण माणसानं आपला हात, डोकं आणि वेळ कशात घालावा, याचा इतका बारीक विचार करणारं दुसरं जुनं मराठी पुस्तक माझ्या वाचनात नाही, म्हणून वाचला. आणि वाचताना डोळ्यांपुढे सारखा एक तालुका येत राहिला, कारण हे पुस्तक लिहिणारा माणूस तिथलाच.

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात जांब नावाचं गाव आहे. आता त्याला जांब समर्थ म्हणतात. १६०८ साली रामनवमीला तिथे नारायण सूर्याजीपंत ठोसर जन्मला. बाराव्या वर्षी ‘सावधान’ ऐकून तो बोहल्यावरून पळाला, ही गोष्ट परंपरेनं आपल्याला दिली आहे. त्या गोष्टीत आपल्याला नेहमी वैराग्य दिसतं. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. गावात राहून जे होता येणार नाही ते होण्यासाठी एक मुलगा घर सोडतो. घनसावंगीची मुलं आजही तेच करतात. कुणी छत्रपती संभाजीनगरला जातं, कुणी पुण्यात पेठांमधल्या अभ्यासिकेत खुर्ची धरतं. जी गावातच राहतात, त्यांच्यातली कितीतरी पोलीस भरतीची तयारी करतात. मराठवाड्यात कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर पहाटे जा, ही मुलं पळताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानाचे गुण ५०, लेखीचे १००.

या मुलांच्या आयुष्यात तीन शब्द सतत येतात : छंद, स्पर्धा, सेवा. आणि तिन्ही शब्दांना आपण गुणपत्रिकेत जागा दिली आहे. चित्रकलेचा छंद असेल तर इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा द्यायची, ग्रेडप्रमाणे दहावीला जादा गुण. खेळात वरच्या पातळीवर पोचलात तर त्याचे वेगळे गुण. कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेत गेलात तर दोन वर्षांत २४० तास, सात दिवसांचं शिबिर आणि शेवटी प्रमाणपत्र. ही योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीत सुरू झाली. आज तिथल्या मुलाला विचारा, तो आधी तास मोजून सांगतो.

भाषेनंही एक गंमत करून ठेवली आहे. आयोगाचं नाव ‘लोकसेवा आयोग’, त्याच्या दाराशी असलेली परीक्षा ‘स्पर्धा परीक्षा’. म्हणजे आधी लाखोंना मागे टाकायचं, मग त्याच लोकांची सेवा करायला रुजू व्हायचं. आणि छंद? तो पोस्ट मिळाल्यावर. अभ्यासिकेत बसलेल्या मुलाच्या वेळापत्रकात आधी स्पर्धा, मग सेवा, मग छंद असा क्रम ठरलेला असतो. दासबोध या क्रमाशी भांडतो. माझ्या दृष्टीनं आज हे पुस्तक वाचण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे.

चौदाव्या दशकात ‘चातुर्यलक्षण’ नावाचा समास आहे. तिथे रामदास म्हणतात ते थोडक्यात असं : रूप अभ्यासानं मिळत नाही, काळा माणूस गोरा होत नाही, जन्मानं आलेल्या गोष्टींवर इलाज चालत नाही, म्हणून आगंतुक गुण मिळवायच्या मागे लागा. ‘आगंतुक’ हा शब्द आज आपण न बोलावता आलेल्या पाहुण्यासाठी वापरतो. इथे त्याचा अर्थ आहे बाहेरून आलेला, सरावानं अंगी बाणलेला. फेअरनेस क्रीम विकत घेणाऱ्या समाजाला साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसानं इतकं कोरडं उत्तर द्यावं, याचं मला फार अप्रूप वाटलं. छंदाची मला माहीत असलेली सगळ्यात चांगली व्याख्या हीच : जन्मानं न मिळालेला आणि तरीही आपला झालेला गुण.

हा गुण कसा बाणवायचा, हे पाहायचं असेल तर एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास, ‘लेखनक्रियानिरूपण’ वाचा. अध्यात्माच्या ग्रंथात अख्खा समास हस्ताक्षरावर खर्च केला आहे. अक्षर गोल हवं, सरळ हवं, ओळी समान हव्यात, आणि पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत दिसलं पाहिजे, जणू एकाच वेळी एकाच टाकानं लिहिलं. त्यातल्या दोन सूचना माझ्या मनात घर करून बसल्या. पहिली : तरुणपणी फार बारीक अक्षर काढू नका, म्हातारपणी ते तुमच्याच उपयोगाचं राहणार नाही, मध्यम काढा. दुसरी : पानाच्या चारी बाजूंनी जागा सोडा, म्हणजे कागद झडला तरी अक्षराला धक्का लागणार नाही.

मी पोटासाठी कोड लिहितो. आमच्या धंद्यातही तरुणपणी फार बारीक लिहिण्याची हौस असते. दहा ओळींचं काम एका ओळीत करून दाखवायचं, वाचणाऱ्याला कळलं नाही तर आपण हुशार ठरायचं. दोन वर्षांनी ती ओळ दुसऱ्याच कुणाच्या तरी गळ्यात पडते. रामदासांची ‘मध्यम अक्षर काढा’ ही सूचना वरवर हस्ताक्षराची वाटते, पण तिच्यात एक गृहीत आहे : तुम्ही जे करताय ते पुढे कुणीतरी वाचणार आहे. चारी बाजूंनी सोडलेली जागा त्या न पाहिलेल्या वाचकासाठी आहे. म्हणजे छंद अंगी बाणतानाच सेवा त्याच्यात शिरलेली आहे. ती नंतर, निवृत्तीनंतर किंवा शिबिरात करायची वेगळी गोष्ट नाही.

हाच विचार बाराव्या दशकाच्या शेवटच्या, उत्तमपुरुषाच्या समासात उघडपणे येतो. तिथला दृष्टांत जेवणाचा आहे. आपण पोटभर जेवावं, उरलेलं अन्न वाटावं, वाया घालवू नये. ज्ञानाचंही तसंच : स्वतः तृप्त व्हा, मग लोकांना सांगा, पोहता येणाऱ्यानं बुडणाऱ्याला बुडू देऊ नये. त्यागाच्या गोष्टींवर वाढलेल्या माझ्यासारख्या वाचकाला पहिला घास चकित करतो. रामदास ‘उपाशी राहून वाटा’ असं म्हणत नाहीत. आधी पोटभर जेवा, म्हणतात. ज्याला पोहता येत नाही त्यानं उडी मारली तर दोघं बुडतील, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. त्यामुळे स्वतःला घडवण्यात घातलेला वेळ इथे स्वार्थ ठरत नाही. फक्त तो वेळ कुणापर्यंत पोचतो, हे मात्र विचारलं जातं.

स्पर्धा या चित्रात कुठेच नाही. याच समासात कुणाचं उणं पडू देऊ नये, असंही सांगितलं आहे. स्पर्धा परीक्षेचा सगळा हिशेब मात्र दुसऱ्याच्या उण्यावर चालतो. कटऑफ म्हणजे तरी काय? किती जण उणे पडले की माझा नंबर लागतो, त्याचा आकडा. म्हणूनच ‘मनाचे श्लोक’ पाठांतर स्पर्धा मला आता विचित्र वाटते. २०५ श्लोक आहेत आणि माणूस ते स्वतःच्या मनाला उद्देशून म्हणतो. स्पर्धेत तेच श्लोक परीक्षकाला उद्देशून म्हटले जातात. मन बाजूला राहतं. उच्चार, चाल आणि वेग यांना गुण मिळतात. मी स्वतः अशा स्पर्धांत उभा राहिलो आहे. श्लोक अजून पाठ आहेत, याबद्दल त्या स्पर्धांचा ऋणीही आहे. पण त्या वयात कुणी मला विचारलं नाही की यातलं तू तुझ्या मनाला काय सांगितलंस.

इथपर्यंत सोपं आहे. ‘स्पर्धा वाईट, सेवा चांगली’ असं म्हणून टाळ्या घेता येतील. पण दासबोध नीट वाचला तर तसं म्हणता येत नाही, कारण अडचण त्याच पुस्तकात आहे. पाचव्या दशकाच्या पहिल्या समासात रामदास गुरुपदाचा मान ब्राह्मणाला देतात, तो क्रियाहीन झाला तरीही देतात. आगंतुक गुणांचा एवढा पुरस्कार करणारा लेखक गुरू कोण, या प्रश्नावर जन्माकडे वळतो. गुण जन्मावर सोडू नका म्हणणारा गुरुत्व मात्र जन्मावर सोडतो, ही विसंगती झाकण्यात अर्थ नाही. त्यांनी वेणाबाईंना मिरजेचा मठ सांभाळायला दिला, म्हणजे प्रत्यक्ष व्यवहारात त्यांचा हात लेखणीपेक्षा सैल होता. तरी लिहिलेलं लिहिलेलंच राहतं.

आणि इथेच स्पर्धेची बाजू उभी राहते. घनसावंगीतल्या ऊसतोड किंवा कोरडवाहू घरातल्या मुलीकडे ओळख नाही, शिफारस नाही. आठशे मीटरच्या मैदानावर स्टॉपवॉच तिला आडनावापेक्षा सेकंद विचारतं. आरक्षण आणि गुणवत्ता यादी मिळून तिच्यासाठी जे दार उघडतं, ते मठाच्या दारापेक्षा जास्त रुंद आहे. स्पर्धेला नाकं मुरडणं हे ज्याचा नंबर आधीच लागला आहे त्यालाच परवडतं. शिवाय जेवणाचा दृष्टांत इथे तुटतो. अन्न उरतं, वाटता येतं. जागा उरत नाहीत. मी माझ्या नोट्स शेजारच्या मुलाला दिल्या म्हणून जाहिरातीतल्या जागा वाढत नाहीत.

मग रामदास आज निरुपयोगी ठरतात का? मला तसं वाटत नाही, कारण जागा ठरलेल्या असल्या तरी गुण ठरलेले नाहीत. जी मुलं निवडली जात नाहीत त्यांचा विचार करा. दोन-तीन वर्षं पहाटे उठून पळालेलं शरीर, दम, वेळ पाळण्याची सवय, वर्तमानपत्र वाचायची सवय, हे सगळे आगंतुक गुणच. स्पर्धेच्या हिशेबात यादीत नाव नसेल तर या सगळ्याची किंमत शून्य. घरचे शून्य म्हणतात, शेजारी शून्य म्हणतात, हळूहळू तो मुलगा स्वतःही शून्य म्हणू लागतो. आपल्या तालुक्यांत खरा धोका इथे आहे. हरण्यानं माणूस मोडत नाही, कमावलेलं सगळं हरलं असं मानल्यानं मोडतो.

दासबोधाकडे या मुलासाठी वेगळा हिशेब आहे. अकराव्या दशकाच्या शेवटच्या समासात महंतानं काय करावं ते सांगितलं आहे : आणखी महंत तयार करावेत, त्यांना युक्ती-बुद्धीनं भरावं आणि जाणते करून देशोदेशी विखरून टाकावं. माणसाचं माप इथे त्याच्या मागे किती जण राहिले यावर नाही, त्याच्यामुळे किती जण तयार झाले यावर आहे. ते करायचं कसं, तेही एके ठिकाणी येतं : मुलाच्या चालीनं चालावं, मुलाच्या मनाप्रमाणे बोलावं, तसं लोकांना हळूहळू शिकवावं. भरतीत राहून गेलेला मुलगा हे दुसऱ्या दिवसापासून करू शकतो. हातात स्टॉपवॉच घेऊन नव्या पोरांची फेरी मोजायची, श्वास कुठे तोडायचा ते सांगायचं, गोळा टाकताना पाय कुठे ठेवायचा ते दाखवायचं. त्याची निवड झाली नाही हे खरंच आहे. पण त्याला पळता येतं, हेही तितकंच खरं आहे आणि ते कुठलीही यादी खोडू शकत नाही.

हे फार आदर्शवादी वाटत असेल तर हे पुस्तक आपल्यापर्यंत आलं कसं, ते पाहा. रामदासांच्या तोंडून ऐकून कल्याणस्वामींनी ते लिहून घेतलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी ते संपादित करून १९०५ साली छापलं. देव पेशानं वकील. मठामठांतून रामदासी हस्तलिखितं शोधायची, जमवायची, उतरवून घ्यायची, हा त्यांचा नाद. त्यासाठी पगार नव्हता की परीक्षा नव्हती. त्या नादातून धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिर उभं राहिलं आणि आज मी फोनवर दासबोध उघडतो तेव्हा त्यामागे तो नाद आहे. चारी बाजूंनी जागा सोडून लिहा, असं सांगणाऱ्या माणसाला कितीतरी पिढ्यांनी असा वाचक मिळाला.

दुसऱ्या दशकात पढतमूर्खाची लक्षणं सांगताना रामदासांनी टीकाकारांनाही सोडलेलं नाही. ग्रंथ मुळापासून न पाहता उगाच दूषण ठेवणारा त्या यादीत आहे. व्हॉट्सअॅपवरची यादी सहसा तिथपर्यंत पोचत नाही. म्हणून माझं म्हणणं मान्य करण्याआधी किंवा खोडण्याआधी निदान दोन समास स्वतः वाचा : हस्ताक्षराचा आणि उत्तमपुरुषाचा. चहा निवेपर्यंत होतात. जमलं तर घनसावंगीच्या एखाद्या अभ्यासिकेत शेजारी बसलेल्याला वाचून दाखवा. त्याची आणि तुमची जागा एकच असली, तरीही.