आभासी वास्तु आणि पाहणारा

वास्तूंत शिरतांना मनुष्याच्या मनांत कोणता भाव उठतो, हें रसिकाच्या शब्दांवर न सोपवितां यंत्रानें मोजावें, असा उद्योग अलीकडे चालला आहे. डोळ्यांवर आभासी वास्तवाचें उपकरण चढवून माणसाला न बांधलेल्या दालनांत हिंडवावयाचें, आणि त्याची नाडी, त्वचेवरील घाम व लाळ तपासावयाची, अशी ही रीति. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील एका अभ्यासांत अशा आभासी दालनांतून लोकांच्या मनावर मुद्दाम ताण आणला, तेव्हां खिडक्या नसलेल्या बंदिस्त दालनांत ताणाचा द्योतक असा कॉर्टिसॉल नांवाचा स्राव अधिक वाढलेला आढळला.

खोट्या दृश्यानें खरा भाव उत्पन्न होत नाहीं, हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं सांगलींत ‘सीतास्वयंवर’ रंगविलें, तेव्हांपासून तरी महाराष्ट्रीय प्रेक्षकास तो घेतां येत नाहीं. भाव उत्पन्न होतो खरा. परंतु तो कशाचा व कोणाचा, हा खरा प्रश्न आहे.

साताऱ्याजवळील लिंब गांवची बारामोटेची विहीर घ्या. शाहूमहाराजांच्या काळीं वीरूबाई भोसले यांनीं बांधविलेल्या ह्या अष्टकोनी विहिरीचा आकार उपकरण हुबेहूब दाखवील. परंतु उन्हांतून पायऱ्या उतरतांना अंगास लागणारा गारवा, ओल्या दगडाचा वास, गुडघ्यांना कळणारी खोली, हीं बहुधा त्यांत नसतात. जें मोजलें तें डोळ्यांपुरतें.

सांगलीचा कृष्णाकांठचा घाट याहून अवघड आहे. २०१९ च्या महापुरांत ज्याच्या घरांत पाणी शिरलें, त्याला आणि परगांवच्या प्रवाशाला त्या पायऱ्या एकच गोष्ट सांगणार नाहींत. दोघांच्या नाडीची सरासरी काढली, तर हातीं येणारा आंकडा दोघांपैकीं एकाचाहि भाव सांगणार नाहीं.

म्हणून ही पद्धति टाकाऊ ठरते, असें आम्ही म्हणत नाहीं. रुग्णालय वा शाळा बांधण्यापूर्वीं कागदावरील भिंत हलविणें सोपें; मागाहून ती सोसावीच लागते. येथें हें उपकरण फार उपयोगी पडेल. मात्र पाहणारा कोण व कोठला, ह्याची नोंद आंकड्याइतकीच काळजीनें व्हावी. सांगलीच्या रुग्णालयाचा आराखडा तपासावयाचा, तर उपकरण तेथील रोग्यांच्या व त्यांच्या नातलगांच्या डोळ्यांवर चढलें पाहिजे. दूरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या नाडीला त्यांच्या वतीनें कौल देण्याचा अधिकार नाहीं.