लवचिकता, पण कोणाची?

२१ नोव्हेंबर २०२५ ला देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. जुने २९ कायदे त्यात मिसळले. त्या दिवसांतल्या बातम्या आठवून बघा. ग्वाल्हेरात आपण हिंदी पेपर वाचतो, मराठी मोबाईलवर बघतो. पण चाल दोन्हीकडे बरीचशी एकच. 'तुम्हाला काय मिळणार?' वर्षभरात ग्रॅच्युइटी, नेमणूकपत्र, चाळिशीनंतर फुकट तपासणी, बायकांना रात्रपाळीची मुभा.

यातलं खोटं काहीच नाही, अर्धं मात्र आहे. वर्षभरात ग्रॅच्युइटी मिळते ती ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना. कायम नोकरीवाल्यांची पाच वर्षांची अट तशीच आहे. मथळ्यात मुदतीचा शब्द गळला, की घरोघरी चुकीचा हिशोब सुरू होतो. आणि ज्या कारखान्यात ३०० पेक्षा कमी कामगार, तिथे कपात करायला किंवा टाळं लावायला सरकारची परवानगी आता लागत नाही. आधी हा आकडा १०० होता. हे वाचायला बातमीच्या तळाशी जावं लागतं.

टाळं म्हणजे काय, हे आपल्या गावाला सांगायला नको. बिर्लानगरची जे. सी. मिल बंद पडली आणि थकलेल्या पैशांसाठी कामगारांची कुटुंबं पुढं वर्षानुवर्षं झगडत राहिली. अशा गावात 'सुधारणा' हा शब्द छापताना हात जरा थबकायला हवा.

मे २०२० मध्ये आपल्या राज्य सरकारनं दुकानं सकाळी ६ ते रात्री १२ उघडी ठेवायची सवलत जाहीर केली. कारखान्यांना १२ तासांची पाळीही. कारण दिलं, गर्दी कमी होईल. गिऱ्हाईकाची सोय पटकन समजली. काउंटरमागे उभ्या मुलीची पाळी कोण मोजणार, हा प्रश्न मागे पडला.

रात्रपाळीचंच घ्या. कायदा म्हणतो, बाईची संमती हवी, सुरक्षेची सोय हवी. चांगलंच आहे. पण बातमी 'संमती'वर येऊन थांबते. नाही म्हटलं तर पुढच्या महिन्यात तिचा करार वाढतो का? सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या मुलीला दिवसपाळी मागता येते का? पाळणाघराचा नियम ५० कर्मचाऱ्यांपासून पुढे. चार माणसांच्या दुकानात बाळ कुठे ठेवायचं?

९ जुलै २०२५ च्या संपातही तेच. बँका, शाळा चालू की बंद, एवढं कळलं. मागण्या शोधाव्या लागल्या. आणि जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांनी ९० तासांचा विषय काढताना घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार असं विचारलं, तेव्हा कितीतरी दिवस विनोद चालले. त्या ९० तासांत त्या माणसाचा डबा, कपडे, आईबाप कोण सांभाळणार, हा हिशोब फारसा कुणी मांडला नाही.

आता आपल्याकडे वळते. आपल्या समाजात दुकानं पुष्कळ. म्हणजे या बातमीत आपण मालकही आहोत आणि आपल्याच मुली नोकरदारही. अनेकांत नुसता स्वाध्यायात म्हणायचा नसतो. गल्ल्यावर बसूनही दुसरी बाजू बघायची असते. पेपर ती दाखवत नसेल, तर आपल्याच दुकानातल्या बाईला विचारा: तास किती, कागद आहे का, आणि उशीर झाला की घरी कशी जातेस?