एझुलविनी मसुद्याची भाषा

मार्च २००५ मध्ये आफ्रिकन युनियनने स्वीकारलेला एझुलविनी मसुदा लहानसाच आहे. सुरक्षा परिषदेत किमान दोन स्थायी व पाच अस्थायी जागा, ही त्यातील मागणी. नकाराधिकाराला तत्त्वतः विरोध, मात्र तो असेपर्यंत आम्हालाही हवा, हे विधान काहींना विसंगत वाटते. मला तेच सर्वांत प्रामाणिक वाटते. २०२४ मध्ये अमेरिकेने दोन स्थायी जागांना पाठिंबा दिला, पण नकाराधिकार वगळून! मसुदा कच्चा राहिला तो अन्यत्र. प्रतिनिधी युनियनच निवडेल, त्यांची प्रातिनिधिकता व क्षमता पाहावी, एवढेच त्यात म्हटले आहे. ५४ देशांतून ते दोन कोणते? नायजेरिया, इजिप्त, दक्षिण आफ्रिका यांच्यातील चुरस या मोघम शब्दांखाली झाकली गेली.