'व्हिस्ट' : गप्प केलेला समुद्र

'व्हिस्ट' हे इंग्रजी विशेषण आता जवळजवळ वापरातून गेले आहे. 'नि:शब्द, अगदी शांत' एवढा अर्थ देऊन कोश मोकळे होतात. मला तो अपुरा वाटतो. 'व्हिस्ट' मुळात उद्गार आहे, आपल्या 'चूप!'सारखा. स्कॉटलंड-आयर्लंडात 'व्हिश्ट' म्हणून आजही पोरांना गप्प करतात. म्हणजे या शांततेआधी आवाज होता आणि तो कुणीतरी थांबवला. (पत्त्यांच्या 'व्हिस्क'चे नाव 'व्हिस्ट' झाले, त्यामागेही खेळताना गप्प बसण्याचा संबंध सांगतात. ब्रिज हा त्याचाच वंशज.)

हे ध्यानात घेतले नाही, तर शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट'मधले एरिएलचे गाणे नीट लागत नाही. पहिल्या अंकात तो अदृश्य राहून फर्डिनंडला गाण्याने ओढत आणतो. नाचणाऱ्यांनी हात धरावेत, लवून नमस्कार करावा, चुंबन घ्यावे; आणि लगेच उन्मत्त लाटांना जोडून 'व्हिस्ट' येतो. चुंबन जोडीदाराचे आणि लाटा आधीच शांत, की चुंबनाने लाटाच शांत केल्या? १६२३च्या फोलिओत चुंबन आणि लाटा यांच्यामध्ये विरामचिन्ह नाही. अनेक संपादकांनी तिथे स्वल्पविराम घालून पहिला अर्थ पक्का केला. माझे मत दुसऱ्या बाजूला आहे. साक्षीदार खुद्द फर्डिनंड : या संगीताने पाण्याचा क्षोभ आणि माझे दु:ख दोन्ही शमवले, असे तो पुढे सांगतो.

मिल्टननेही हे गाणे असेच ऐकले असावे. ख्रिस्तजन्मावरच्या १६२९च्या कवितेत त्याने हेच दोन शब्द यमकात बांधले. फक्त तिथे आश्चर्याने 'व्हिस्ट' झालेले वारेच पाण्याचे चुंबन घेतात.

मराठीत हा शब्द आणायचा कसा? 'नीरव' चालणार नाही. त्याला भूतकाळच नाही. 'चिडीचूप'मध्ये आधीचा गलबला आहे, पण मास्तर वर्गात आल्याची धास्तीही आहे. इथे धास्ती नाही, माया आहे. मी 'निवलेल्या लाटा' म्हणेन. दूध निवते, ताप निवतो, रागही निवतो. 'व्हिस्ट'मधला ओठांवर बोट ठेवल्याचा आवाज तेवढा त्यात येत नाही.